जिल्हा आवृत्तीचे पहिले पान कसे लावावे

जुलैच्या मध्यावर महाराष्ट्रातील चार शहरांची मराठी दैनिके शेजारी शेजारी मांडून पाहावीत. चारही ठिकाणी मुख्य बातमी बहुधा पावसाचीच असते, तरी एका शहराचे पान दुसऱ्या शहरात चालणार नाही. कोल्हापूरच्या पानावर राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी फूट-इंचांत दिलेली असते. नाशिकच्या पानावर गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आले, कमरेपर्यंत आले की छातीला लागले, हे छायाचित्रासह सांगितलेले असते. पुण्यात भिडे पूल पाण्याखाली गेला का आणि खडकवासला साखळीतील चार धरणांत मिळून किती साठा झाला, हे विचारले जाते, तर सोलापूरकरांना उजनी धरण उण्यातून, म्हणजे मृत साठ्यातून, बाहेर पडले का, एवढेच आधी कळायला हवे असते. पाऊस एकच असला तरी तो मोजण्याची मापे गावागणिक वेगळी आहेत, आणि स्थानिक वाचकाला पहिले पान आपले वाटते ते या मापांमुळे.

जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर काम करणारे उपसंपादक, तालुक्याच्या ठिकाणी स्वतःचे साप्ताहिक किंवा छोटे दैनिक चालवणारे संपादक आणि पत्रकारितेचे विद्यार्थी यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. उदाहरणे मुख्यतः कोल्हापूर-सांगलीची घेतली आहेत, कारण एकाच नदीखोऱ्यातील उदाहरणे धरून चालले की एक बातमी दुसरीला कशी जोडलेली असते हे नीट दिसते. मात्र पद्धत कोणत्याही जिल्ह्याला लागू पडेल अशीच सांगितली आहे.

आधी मापांची वही

पान लावण्याचे काम संध्याकाळी सुरू होत असले तरी त्याची तयारी वर्षभर आधीपासून व्हावी लागते. प्रत्येक जिल्हा डेस्कवर एक वही असावी आणि तिच्यात त्या भागातील लोक रोजच्या बोलण्यात ज्या खुणांनी परिस्थिती मोजतात, त्या खुणा, त्यांचे अधिकृत आकडे आणि ते आकडे देणाऱ्या कार्यालयांची नोंद असावी. कोल्हापूरच्या वहीत पहिली नोंद राजाराम बंधाऱ्याची असेल: इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीच्या वहीत कृष्णेवरील आयर्विन पुलाची असेल: इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली होती. त्यामुळे नदीकाठच्या घरांतून आजही नवा आकडा वाचला की तो मनातल्या मनात त्या वर्षाशी ताडून पाहिला जातो. डेस्कने हे ताडून पाहणे वाचकासाठी आधीच करून ठेवावे.

समजा, बातमीदाराने ‘पंचगंगेच्या पाणीपातळीत वाढ’ असे शीर्षक पाठवले आहे. ते चुकीचे नाही, पण पावसाळ्यात ते कोणत्याही दिवशी छापता येईल आणि म्हणून निरुपयोगी आहे. त्याऐवजी ‘पंचगंगा ३८ फुटांवर, इशारा पातळीला एक फूट कमी’ असे शीर्षक दिले, तर शिरोळ तालुक्यातील शेतकरी जनावरे हलवायची का याचा विचार सुरू करतो, शहरातील नदीकाठच्या गल्ल्यांतला दुकानदार खालचा माल वर चढवतो आणि गगनबावड्याकडे निघालेला प्रवासी रस्ता चालू आहे का याची चौकशी करतो. एका आकड्याने तीन माणसांचा दिवस ठरतो. पहिल्या पानावरच्या बातमीने एवढे काम केलेच पाहिजे.

या आकड्याच्या आगेमागे काय असते, तेही वहीत हवे. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, आणि धरण भरून ते उघडू लागले की ते पाणी काही तासांनी पंचगंगेत दिसू लागते. म्हणून ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी वाचक उद्याच्या पातळीची सूचना म्हणून वाचतो. त्याचप्रमाणे कर्नाटकातील अलमट्टी धरणातून किती विसर्ग चालू आहे हा प्रश्न कोल्हापूर-सांगलीच्या पहिल्या पानावर पावसाळ्यात सतत असतो. तो पाटबंधारे खात्याच्या कोरड्या तक्त्यातून उचलून मुख्य बातमीच्या शेजारी चौकटीत आणला, तर वाचकाला तीन पाने उलटावी लागत नाहीत. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरातील दक्षिणद्वार सोहळा हे याच मालिकेतले आणखी एक माप आहे. पाणी वाढून मंदिरात आले की हा सोहळा होतो, भाविक स्नानासाठी गर्दी करतात आणि त्याच वेळी काठावरची गावे सावध होतात. त्या बातमीत श्रद्धा आणि इशारा दोन्ही आहेत, आणि कोल्हापूरचा वाचक दोन्ही एकदम वाचतो. तिला केवळ धार्मिक बातमी समजून आतल्या पानावर टाकणारा उपसंपादक बाहेरून आलेला आहे हे लगेच ओळखू येते.

वहीत पावसाळ्यापलीकडची मापेही असतात. ऊसपट्ट्यात गळीत हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत कोणता दर मागितला गेला, कोणत्या कारखान्याने पहिली उचल किती जाहीर केली, एफआरपी, म्हणजे उसाला द्यावाच लागणारा किमान दर, एकरकमी दिली की तुकड्यांत, हे सगळे पहिल्या पानाचे विषय आहेत. ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची रक्कम द्यावी लागते, हा नियम वाचकाला पाठ असतो. त्यामुळे बातमीत थकबाकीचा नुसता एकूण आकडा न देता किती दिवस उलटले हे लिहावे. नाशिकसाठी लासलगावचा कांदा, जळगावसाठी केळी आणि सोने, लातूरसाठी सोयाबीन आणि तूर, तासगाव-सांगलीसाठी बेदाणा आणि हळद, रत्नागिरी-देवगडसाठी वाशीच्या बाजारात गेलेली हापूसची पहिली पेटी, अशा नोंदी प्रत्येक डेस्कने आपापल्या वहीत कराव्यात. दर छापताना सर्वाधिक दर मोठ्या अक्षरांत देण्याचा मोह आवरावा, कारण तो दर एखाद्या गाडीलाच मिळालेला असतो. बाजार समितीत सर्वसाधारण दर काय होता हे शेतकऱ्याला हवे असते, आणि पहिल्या पानावर भलताच आकडा वाचून माल घेऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्या दैनिकावर विश्वास ठेवत नाही.

मराठीत स्थानिक बातमीला पहिल्या पानाची प्रतिष्ठा देण्याची परंपरा नवी नाही. ना. भि. परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. गावोगावी बातमीदार असावेत आणि लोकांच्या रोजच्या जगण्यातील प्रश्नांना वर्तमानपत्रात जागा मिळावी, ही दृष्टी त्यांनी रुजवली. अग्रलेखाच्या जोरावर चालणाऱ्या मराठी पत्रसृष्टीत तो मोठा बदल होता. आजची जिल्हावार आवृत्त्यांची व्यवस्था त्याच वाटेने पुढे आली आहे, आणि या पेशात नव्याने येणाऱ्यांनी हा वारसा जाणून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

मुख्य बातमी निवडताना

संध्याकाळच्या बैठकीत समोर पन्नास बातम्या असतात आणि लीड एकच द्यायची असते. त्या वेळी ‘सर्वांत मोठी बातमी कोणती’ असे विचारले, तर उत्तर जवळजवळ नेहमी मुंबई किंवा दिल्लीचे येते, कारण वृत्तसंस्था आणि वाहिन्या दिवसभर तेच सांगत असतात. पण सकाळी सहाला अंक हाती घेणाऱ्या वाचकाने ती बातमी रात्रीच फोनवर पाहिलेली असते. म्हणून प्रश्न असा विचारावा: उद्या सकाळी हा अंक वाचून आपल्या जिल्ह्यातील सर्वांत जास्त लोकांना काय वेगळे करावे लागेल, किंवा कशाची तयारी ठेवावी लागेल? पाणीपुरवठा बंद राहणार असेल, शाळांना सुट्टी असेल, घाट बंद असेल, एसटी सुटणार नसेल, बाजार समितीत लिलाव होणार नसतील, तर लीड तिथेच आहे.

याचा अर्थ दिल्लीची बातमी टाळावी असा नव्हे. ती आपल्या दारापर्यंत कशी येते ते शोधावे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर बंदी घातली तेव्हा नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. एकाच निर्णयाची नाशिकच्या पानावरील बातमी उत्पादकाची होती आणि मुंबईच्या पानावरील बातमी गिऱ्हाइकाची. दोन्ही खऱ्या होत्या. जिल्हा डेस्कचे काम एवढेच की आपला वाचक या निर्णयाच्या कोणत्या बाजूला उभा आहे हे ओळखून शीर्षक त्याच्या बाजूने सुरू करावे आणि दुसरी बाजू बातमीच्या आतच, पुढच्या दोन-तीन परिच्छेदांत द्यावी. अर्थसंकल्पाच्या दिवशीही हेच करावे. राज्याची एकूण तरतूद हे मुख्य शीर्षक न करता जिल्ह्याच्या वाट्याला काय आले, गेल्या वर्षी काय जाहीर झाले होते आणि त्यातले किती झाले, हे शोधण्यासाठी दुपारपासूनच एका माणसाला बसवावे.

ओढूनताणून स्थानिक धागा जोडू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांचे वैद्यकीय विद्यार्थी तिथे अडकले होते, त्यांचे आई-वडील इथे जागे होते, आणि त्यामुळे ती जिल्हा आवृत्तीच्या पहिल्या पानाची बातमी होती. तिथे धागा खरा होता. पण परदेशातील एखाद्या घटनेवर स्थानिक पुढाऱ्याची प्रतिक्रिया मिळाली म्हणून ती ‘आपली’ बातमी होत नाही, आणि वाचकाला हा फरक उपसंपादकापेक्षा लवकर कळतो. उलट काही दिवस असे असतात की देशाची बातमीच सर्वांची बातमी असते. २४ मार्च २०२० च्या रात्री संपूर्ण टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा लीडबद्दल वाद होण्याचे कारण नव्हते. अशा दिवशी स्थानिकपणा लीडच्या शेजारी दाखवावा: जिल्ह्यात कोणती दुकाने उघडी राहणार, दूध संकलन चालू राहणार का, गावाच्या सीमेवर कोणाला अडवले जाणार. वाचक देशाची बातमी एकदा वाचतो आणि शेजारची चौकट दिवसभर पाहत राहतो.

एकच पाणी, दोन आवृत्त्या

स्थानिक वाचकाला आवडेल असे लिहिणे आणि त्याला खरे सांगणे यांत कधीकधी ताण येतो, आणि त्याची कसोटी पाण्याच्या बातम्यांत लागते. गोदावरी खोऱ्यात समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आहे. १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या नाशिक-नगर भागातील धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. त्या दिवशी नाशिकच्या आवृत्तीत ‘आमचे पाणी पळवले’ असा सूर लागतो आणि छत्रपती संभाजीनगरच्या आवृत्तीत ‘हक्काचे पाणी अखेर मिळाले’ असा. कधी तर दोन्ही आवृत्त्या एकाच दैनिकाच्या असतात, आणि आता दोन्ही शहरांचे वाचक दोन्ही पाने फोनवर पाहू शकतात. हे लक्षात घेतले तर हा सूर किती धोक्याचा आहे ते कळेल.

माझा आग्रह असा आहे की शीर्षकात दोन्ही ठिकाणी एकच आकडा असावा: कोणत्या धरणातून किती पाणी, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या आदेशानुसार. त्यानंतर नाशिकच्या पानावर उन्हाळी आवर्तनावर काय परिणाम होईल, द्राक्षबागांना किती पाळ्या मिळतील हे यावे, आणि मराठवाड्याच्या पानावर पिण्याच्या पाण्याचा आणि उद्योगांचा किती महिन्यांचा प्रश्न सुटला हे यावे. जोर बदलला तरी चालेल, तथ्य बदलता कामा नये. गोवा आणि कर्नाटक यांच्यातील म्हादई नदीच्या पाण्याचा प्रश्नही याच जातीचा आहे. बेळगावहून निघणाऱ्या ‘तरुण भारत’ची गोव्यातही आवृत्ती आहे, म्हणजे एकाच दैनिकाचे मराठी वाचक त्या नदीच्या वादाच्या दोन्ही बाजूंना राहतात. अशा ठिकाणी संपादकाला दोन वाचकांशी एकाच वेळी खरे बोलावे लागते आणि ते जमते. मात्र त्यासाठी प्रत्येक बातमीत समोरच्या बाजूचा निदान एक जबाबदार माणूस नावानिशी आणि नेमक्या मुद्द्यानिशी आलेला असला पाहिजे.

पानाची मांडणी

एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर अंक घडी घालून ठेवलेला असतो, म्हणून पानाचा वरचा अर्धा भाग विक्रीचा आणि खालचा अर्धा वाचनाचा असे धरून चालावे. शीर्षपट्टी, तिच्याखाली आवृत्तीचे नाव, लीडचे शीर्षक आणि मुख्य छायाचित्र एवढे घडीच्या वर स्पष्ट दिसले पाहिजे. आवृत्तीचे नाव इतके बारीक असू नये की ते शोधावे लागेल. वाचकाला आपल्या गावाचे नाव त्या पट्टीत पाहायचे असते. लीडचे शीर्षक आठ कॉलम पसरवण्याची सवय रोज लावली, तर ज्या दिवशी खरोखर मोठे काही घडेल त्या दिवशी हातात काहीच उरत नाही. साध्या दिवशी लीड चार-पाच कॉलममध्ये बसवावी आणि उरलेल्या जागेत सेकंड लीड नीट उभी करावी.

छायाचित्राच्या बाबतीत जिल्हा आवृत्त्या सर्वांत जास्त संधी वाया घालवतात. उद्घाटनाची फीत कापणारे आठ-दहा पाहुणे एका ओळीत उभे आहेत, हे छायाचित्र त्या पाहुण्यांच्या घरापुरते स्थानिक असते. तेच आषाढी वारीत दिवेघाट चढणाऱ्या पालखीचे, पंचगंगा घाटावर पाणी पाहायला जमलेल्या लोकांचे किंवा दहावीचा निकाल पाहणाऱ्या मुलींचे छायाचित्र प्रत्येक वाचकाचे होते, कारण त्यात ओळखीची जागा असते आणि त्या जागेत माणसे काहीतरी करत असतात. छायाचित्राखालच्या ओळीत ठिकाण पुरते नेमके लिहावे. ‘कोल्हापूर : शहरात साचलेले पाणी’ ही ओळ काहीच सांगत नाही. कोणती पेठ, कोणता चौक, कोणत्या दिशेचा रस्ता आणि छायाचित्र किती वाजता काढले, हे द्यावे. वारीच्या काळात पालखीचा आजचा मुक्काम आणि उद्याचा मुक्काम पानाच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात रोज द्यावा. आळंदी आणि देहूपासून पंढरपूरपर्यंतच्या सर्व आवृत्त्यांत तो कोपरा आधी शोधला जातो.

पानाच्या तळाशी अँकर, म्हणजे निवांत वाचायची आडवी बातमी, द्यावी. तिथे दिवसाची घाई नसलेली, पण जिल्ह्याची ओळख सांगणारी बातमी शोभते: एखाद्या गावाने बंद पडलेली शाळा कशी चालू केली, चंदगडमध्ये हत्ती आल्यावर शेतकरी रात्र कशी काढतात, इचलकरंजीतील यंत्रमागांचे अर्थकारण कसे बदलते आहे. घडीखालचा हा भाग निवांत वाचणाऱ्याचा आहे, आणि त्याला चांगले गद्य द्यायला हरकत नाही.

जाहिरातीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण जिल्हा दैनिके तिच्यावर चालतात. पहिल्या पानावरची जागा कॉलम-सेंटीमीटरच्या हिशेबाने सर्वांत महाग असते आणि सणासुदीला अंकाला बाहेरून गुंडाळलेली संपूर्ण पानाची जॅकेट जाहिरात येते. जॅकेट आले की खरे पहिले पान तिसऱ्या पानावर जाते. तेव्हा ते पान पहिल्या पानाच्याच इतमामाने लावावे, शीर्षपट्टी पुन्हा द्यावी, आणि शक्य असेल तर जॅकेटवर एका ओळीत मुख्य बातमीची सूचना घ्यावी. नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, कारखान्याच्या निवडणुकीतील पॅनेलची आवाहने आणि शिक्षणसंस्थांच्या यशाच्या कहाण्या बातमीच्या टायपात, बातमीच्या मांडणीत येऊ देऊ नयेत. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न महाराष्ट्रातून देशभर गाजला आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीला त्यावर अहवाल द्यावा लागला. ज्या जिल्ह्यात उमेदवार, कारखान्याचा अध्यक्ष, महाविद्यालयाचा संस्थापक आणि मोठा जाहिरातदार हे अनेकदा एकच कुटुंब असते, तिथे ‘जाहिरात’ हा शब्द ठळक छापणे हे संपादकाच्या धैर्याचे काम आहे. ते त्याने करावे. वाचक ते पाहतो आणि लक्षात ठेवतो.

शीर्षकाची भाषा

‘प्रश्न ऐरणीवर’, ‘नागरिकांत संताप’, ‘प्रशासन सुस्त’, ‘आरोग्यसेवा रामभरोसे’ ही शीर्षके कोणत्याही जिल्ह्यात, कोणत्याही वर्षी चालतात, आणि त्यामुळेच ती कोणाचीच नसतात. ‘आरोग्यसेवा रामभरोसे’ असे लिहिण्याऐवजी ‘गडहिंग्लजच्या रुग्णालयात सोनोग्राफीसाठी इतके दिवस थांबावे लागते’ अशी नेमकी वस्तुस्थिती, दिवसांचा खरा आकडा तपासून, शीर्षकात घातली तर संताप वाचकाच्या मनात आपोआप येतो. शीर्षकात शक्य तिथे गावाचे, रस्त्याचे, योजनेचे नाव यावे आणि क्रियापद जिवंत असावे. बोलीतला शब्द वापरायचा असेल तर तो कोणाच्या तरी तोंडचा म्हणून अवतरणात द्यावा. उगाच गावरान ठसक्यासाठी शीर्षकात घातलेली बोली त्याच गावच्या वाचकाला खटकते, कारण आपण शिकलेलो नाही असे सांगितल्यासारखे त्याला वाटते.

गावाच्या नावांबाबत काटेकोर राहावे. एका नावाची दोन-तीन गावे वेगवेगळ्या तालुक्यांत असतात, म्हणून शीर्षकात गाव आले तर पहिल्याच वाक्यात तालुका यावा. व्यक्तीचे नाव, आडनाव आणि वय तपासल्याशिवाय अपघाताची बातमी पानावर सोडू नये. मोठ्या शहरात नावातील चूक खपून जाते, तालुक्यात मात्र भलत्याच घरी लोक भेटायला येऊ लागतात.

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि पीडित बालक असेल तर पॉक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. डेस्कवर बहुतेकांना नाव छापायचे नाही हे माहीत असते. पण हजार उंबऱ्यांच्या गावात ‘अमुक शाळेत नववीत शिकणारी, अमुक व्यवसाय करणाऱ्याची मुलगी’ एवढे लिहिले की नाव न छापताही ओळख पटते. म्हणून अशा बातमीत गावाऐवजी तालुका लिहावा, शाळा, व्यवसाय, नाते आणि घराची दिशा काढून टाकावी, आणि आरोपी नात्यातला असेल तर त्याचेही नाव देऊ नये. इथे स्थानिक तपशील कमी करणे हेच स्थानिक वाचकाचे हित आहे. दोन समाजांत तणाव असेल तेव्हाही हीच सावधगिरी हवी. पोलिसांनी दुजोरा न दिलेली कोणतीही गोष्ट त्या दिवशी पहिल्या पानावर घेऊ नये, आणि शांतता समितीच्या बैठकीची बातमी मात्र आवर्जून वर घ्यावी.

तालुक्यांचा हिशेब आणि रात्रीची वेळ

कोल्हापूर जिल्ह्यात १२ तालुके आहेत. पानावर मात्र करवीर, म्हणजे शहर आणि त्याचा परिसर, रोज दिसतो आणि आजरा, भुदरगड, शाहूवाडी आठवड्यातून एखाद्या वेळी, तेही अपघात झाला तर. हे जाणूनबुजून होत नाही. बातमीदार शहरात जास्त, अधिकारी शहरात, पत्रकार परिषदाही शहरात, म्हणून ते घडते. यावर उपाय साधा आहे. डेस्कच्या भिंतीवर महिन्याचा तक्ता लावावा आणि पहिल्या पानावर कोणत्या तालुक्याची बातमी, किती कॉलमची आणि कोणत्या विषयावर आली याची रोज खूण करावी. महिनाअखेरीस जो तालुका रिकामा दिसेल तिथे बातमीदाराला दोन दिवस पाठवावे. तो मिळेल ती बातमी घेऊन येईल, पण त्या तालुक्यातील लोक कशावर बोलत आहेत हेही घेऊन येईल, आणि त्याचा उपयोग पुढे वर्षभर होतो.

दूरच्या तालुक्यांची आणखी एक अडचण छपाईच्या वेळेची आहे. लांबच्या भागात जाणारी डाक आवृत्ती आधी सुटते आणि शहर आवृत्ती मध्यरात्रीनंतर, त्यामुळे चंदगडच्या वाचकाच्या हाती येणारे पान शहराच्या पानापेक्षा काही तास जुने असते. पुराच्या दिवसांत हा फरक गंभीर आहे. म्हणून पाणीपातळी, विसर्ग, बंद रस्ते आणि बाजारभाव यांच्या प्रत्येक आकड्याबरोबर तो किती वाजताचा आहे हे त्याच ओळीत छापावे: ‘रात्री नऊ वाजता ३८ फूट ४ इंच’. वेळ दिली की पहाटे उठून नदी पाहणारा माणूस स्वतः अंदाज बांधू शकतो. पाणी दर तासाला किती इंचांनी चढते आहे हे माहीत असेल तर तेही द्यावे, कारण काठावर राहणाऱ्यांना पातळीइतकाच वेगही हवा असतो. डाक आवृत्तीचे पान शहर आवृत्तीसाठी बदलताना लीड फिरवली तर दूरच्या तालुक्याची चांगली बातमी पूर्ण काढून टाकू नये, तिला खाली दोन कॉलम तरी ठेवावे.

आणि काही वेळा काहीच हातात नसते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. अशा वेळेपर्यंत अंक छापून गाड्या रस्त्याला लागलेल्या असतात. तशा रात्रीसाठी प्रत्येक जिल्हा कार्यालयात एक लेखी व्यवस्था असावी: कोणाला उठवायचे, छपाईयंत्र पुन्हा चालू करण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, निदान शहरातील प्रतींसाठी एक पान बदलता येईल का, आणि संकेतस्थळावर पहिली खात्रीची माहिती कोण टाकणार. हे कागदावर नसेल तर त्या रात्री प्रत्येक जण दुसऱ्याच्या फोनची वाट पाहत बसतो.

सकाळी अंक बाजारात गेल्यावर डेस्कवरच्या एकाने निदान पाच विक्रेत्यांना फोन करावा, त्यांतले दोन तरी तालुक्याच्या गावचे असावेत. किती प्रती उरल्या हे तर विचारावेच, पण स्टॉलवर उभे राहून लोकांनी कोणत्या शीर्षकाबद्दल बोलणे केले, कोणती बातमी शोधली आणि ती सापडली नाही, हे जास्त विचारावे. वाचकांचे फोन घेणाऱ्यानेही तक्रार गावासह लिहून ठेवावी. पहिल्या पानावर आकडा, नाव किंवा गाव चुकले असेल तर दुरुस्ती दुसऱ्या दिवशी पहिल्याच पानावर द्यावी, आतल्या पानाच्या तळाशी नको. जो आकडा चुकला तो आणि जो बरोबर आहे तो, दोन्ही त्या दुरुस्तीत असावेत, आणि तीच नोंद मापांच्या वहीतही तारखेसह करून ठेवावी.